टॉम्पकिन्सची सायकल

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, हे आपण शाळेत घोकलेले असते. घोकले म्हणजे कळले, असे मात्र नव्हे. आपली बैलगाडी, एस.टी., फार कशाला, आकाशातले विमानसुद्धा या वेगापुढे गोगलगायच! म्हणून १९०५ साली आइन्स्टाइनने जेव्हा सांगितले, की धावणारी वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड भरते आणि तिच्यावरचे घड्याळ मंद चालते, तेव्हा ते पटावे कसे? तसा अनुभव कुणालाच नाही.

ओडेसा शहरात जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला जॉर्ज गॅमॉव्ह हा अणुगर्भाचा गाढा अभ्यासक. त्याने यावर नामी युक्ती काढली. १९३८ साली ‘डिस्कव्हरी’ मासिकात त्याने एक गोष्ट लिहिली. टॉम्पकिन्स नावाचा बँकेतला कारकून सापेक्षतावादावरच्या व्याख्यानाला जातो आणि तिथे चक्क डुलकी घेतो. (असले श्रोते आपल्याकडेही आहेत.) स्वप्नात त्याला असे गाव दिसते, की जिथे प्रकाशाचा वेग सायकलस्वाराच्या आवाक्यातला आहे. समोरून सायकलवाला येतो, तो पापडासारखा चपटा! टॉम्पकिन्सही सायकलवर बसतो. आता आपण चपटे होणार, म्हणून अंगाकडे बघतो, तर अंग जसेच्या तसे. रस्ताच आखूड झालेला, दुकाने अरुंद झालेली. का? त्याच्या दृष्टीने तो स्थिर आहे, पळतो आहे तो रस्ता.

पुढे स्टेशनावर एक म्हातारी एका चाळिशीतल्या गृहस्थाला ‘आजोबा’ म्हणते. आजोबांचा सारा जन्म आगगाडीत गेलेला, म्हणून त्यांचे वय रेंगाळले.

ही नुसती थाप नव्हे. आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग. एवढ्यात ते सहाशे-सातशे मीटरच जायला हवेत. तरी त्यांतले पुष्कळ आपल्या अंगणापर्यंत पोचतात, कारण आपल्या हिशेबाने त्यांचे घड्याळ मंद चालते. आगगाडीतले आजोबाच ते!

परीकथेत सतरंजी उडते आणि पुढच्या पानावर उडत नाही. कुणी जाब विचारत नाही. गॅमॉव्हने एकच आकडा बदलला आणि बाकीचे नियम पाळले. त्यामुळे त्याची चूकही पकडता आली. १९५९ साली टेरेल आणि पेनरोज यांनी दाखवले, की वस्तूच्या जवळच्या व लांबच्या भागांतून निघालेला प्रकाश डोळ्याशी एकाच वेळी पोचायचा, तर तो वेगवेगळ्या क्षणी निघालेला असतो. हे ध्यानात घेतले, तर सायकलवाला चपटा दिसण्याऐवजी काहीसा वळल्यासारखा दिसेल. आखूडपणा मोजमापात खरा. डोळ्यांना दिसणारे चित्र निराळे. मला तर ही चूक त्या गोष्टीचे भूषणच वाटते. उडत्या सतरंजीत चूक कोण काढणार?

गॅमॉव्हला १९५६ साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. ओरिसाच्या बिजू पटनाईकांच्या देणगीतून सुरू झालेले हे पारितोषिक विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांना देतात.

गुरुजी, वर्गात असेच एक गाव वसवून बघा. तिथे प्रकाश तासाला वीस किलोमीटर चालतो. शंभर मीटरवरच्या गोठ्यात कंदील लावला, तर मुलांना तो कधी दिसेल? गणित करू द्या. अठरा सेकंद येतील. मग बैल उधळवा. अट एकच : बैल कितीही उधळला, तरी तासाला वीस किलोमीटर गाठायचे नाहीत. मुले लगेच विचारतील, ‘का हो गुरुजी?’ तिथून धडा सुरू करा.