बॅटरी नंतर, आधी पंखे

इन्व्हर्टरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वन बीएचके की टू?’ टू म्हटलं की उत्तरही तयार असतं: ‘दीडशेची ट्यूब्युलर टाका, चार-पाच तास बघायला नको.’ मग वळवाच्या पहिल्या दणक्यात वीज जाते आणि सव्वादोन-अडीच तासांतच इन्व्हर्टर ओरडायला लागतो. दुकानदार फसवतो असं नाही. बॅटरीवरचा आकडा खराच असतो, फक्त तो कोणत्या अटीवर खरा आहे हे कुणी सांगत नाही.

ती अट बॅटरीच्या लेबलवर बारीक अक्षरात असते: ‘सी-२०’. म्हणजे १५० एएचची बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली, तर ती ७.५ अँपिअर प्रवाह शेवटपर्यंत देईल. घरात मात्र कुणी इतक्या सावकाश वीज वापरत नाही. साधे तीन पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, एलईडीच्या चार ट्यूब १८ वॅटच्या, एक लॅपटॉप ६० वॅटचा आणि वायफायचा राउटर १२ वॅटचा धरला, तर लोड होतो ३६९ वॅट. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-तास. भागाकार केला की जवळजवळ पाच तास येतात, आणि दुकानातला हिशेब इथेच थांबतो.

बॅटरीतल्या डीसीचं २३० व्होल्ट एसी करताना इन्व्हर्टर साधारण १५ टक्के ऊर्जा उष्णतेत घालवतो. त्यामुळे बॅटरीतून प्रत्यक्षात ३६ अँपिअर ओढले जातात, साडेसातच्या जवळपास पाचपट. जास्त जोरात ओढलं की बॅटरी एकूणात कमी वीज देते, हे जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये गणिती सूत्रात मांडलं.

असं का होतं? शिशाच्या प्लेटा सच्छिद्र असतात. वीज देताना छिद्रांतलं सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडतं आणि प्लेटवर लेड सल्फेट जमतं. बाहेरचं ताजं आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. प्रवाह लहान असेल तर ही भरपाई होत राहते. मोठा असेल तर छिद्रांतलं आम्ल संपतं, त्यांची तोंडं सल्फेटने बुजतात, व्होल्टेज कोसळतं आणि साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद होतो. प्लेटच्या आतलं बरंचसं द्रव्य तसंच पडून राहतं. बंद पडलेला इन्व्हर्टर अर्ध्या तासाने पुन्हा चालू केला की थोडा वेळ चालतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. तेवढ्या वेळात आम्ल आत पोचलेलं असतं.

पॉइकर्ट यांच्या सूत्रात शिसे-आम्ल बॅटरीसाठी १.२ हा घातांक धरला, तर आपल्या लोडवर दीडशेची नवी बॅटरी पूर्ण निचरा होईपर्यंत तीन तास चालते. तिचं आयुष्य राखायचं तर ८० टक्क्यांवर थांबावं लागतं. उरले दोन तास पंचवीस मिनिटं.

आता बॅटरीला हात न लावता फक्त पंखे बदला. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात सुमारे ३० वॅट घेतो. लोड २३४ वॅटवर येतो, प्रवाह २३ अँपिअरवर, आणि तीच बॅटरी चार तासांहून थोडी जास्त चालते. लोड एक-तृतीयांशाहून थोडा जास्त घटला, वेळ मात्र पाऊणपट वाढला. एवढंच नव्हे, या पंख्यांबरोबर १०० एएचची बॅटरी अडीच तासांवर जाते, म्हणजे जुन्या पंख्यांबरोबरच्या दीडशेहून सरस. शिवाय हे पंखे वर्षभर वीजबिलही वाचवतात. मोठ्या बॅटरीकडून ते होत नाही.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर पाच लिटरचं एक यंत्र एकटंच ३००-३५० वॅट घेतं. अशा घराने वरच्या हिशेबावर विसंबू नये. भरलेला सिलिंडर हाताशी हवाच.

मग पुण्यात किती तासांचा बॅकअप हवा? २००६ मध्ये राज्य भारनियमनाने पोळत असताना या शहराने हाच हिशेब मेगावॅटमध्ये केला होता. तूट होती सुमारे ९० मेगावॅट. उद्योगांची संघटना सीआयआय, ‘प्रयास’ ही संस्था आणि महावितरण यांनी मिळून उद्योगांकडच्या जनरेटरांनी ती भरून काढण्याची योजना आखली, वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली, आणि जादा खर्चातून महिना ३०० युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांना वगळलं. आधी गरज मोजली, मग साधन ठरवलं. आज पुण्यात वीज जाते ती बहुतेक गुरुवारच्या देखभालीला, वादळात फांद्या पडल्यावर किंवा एखाद्या मोठ्या बिघाडात. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुक्या-दवामुळे महापारेषणच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप होऊन पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला होता. पण असे दिवस थोडे.

म्हणूनच पुण्यातल्या बॅटऱ्या कामापेक्षा उकाड्याने आणि दुर्लक्षाने जास्त मरतात, असं माझं मत आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बंद गॅलरीत ती भाजून निघते, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. दर दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा आरओचं नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जागा हवेशीर हवी आणि तिथे देवघर नको.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग असते, पण पॉइकर्टचा फटका तिला जवळजवळ बसत नाही. १०० एएचची लिथियम आपल्या पहिल्या, ३६९ वॅटच्या लोडवरही अडीच तास सहज काढते. तुमच्या इन्व्हर्टरचं चार्जिंग तिला चालतं का, एवढं आधी विचारून घ्या.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर दोनच आकडे लिहा: वीज गेल्यावर नक्की काय चालू ठेवायचं त्याचे वॅट आणि किती तास. आणि जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता त्याच दुकानदाराकडे परत करा. त्यातलं शिसं विषारी आहे, आणि ती परत घेण्याची व्यवस्था करणं कायद्याने कंपन्यांवर बंधनकारक आहे.