घास अडकण्यापूर्वी

अन्ननलिकेच्या कर्करोगाविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न येतो तो हा : हा रोग आधी ओळखता येईल काय? प्रश्न रास्त आहे. कारण या रोगात घात होतो तो उशिरामुळे. घशापासून जठरापर्यंत जाणारी ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी लवचिक आहे. आत गाठ वाढू लागली तरी ती ताणून अन्नाला वाट देत राहते. म्हणून ज्या दिवशी ज्वारीची भाकरी अडकू लागते, त्या दिवशी रोग नवा नसतो. माणूस भाकरी दुधात कुस्करतो, मग भातावर येतो, मग पेजेवर. आणि पित्ताचे निमित्त सांगत महिने लोटतात.

मग सर्वांचीच दुर्बिणीने तपासणी का करू नये? २०२० च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात या रोगाचे सुमारे ६३ हजार नवे रुग्ण आढळले. लोकसंख्येशी हिशेब घातला तर साधारण २२ हजार माणसांमागे एक. एका रुग्णासाठी इतक्या घशांत नळी घालणे कोणत्याही जिल्ह्याला पेलणारे नाही. तेव्हा आधी चाळणी लावावी लागते : धोका कोणाला अधिक, हे ठरवून त्यांनाच आधी तपासावयाचे.

ही चाळणी कशाची? वय, तंबाखू, दारू, घराण्यातील रोग या गोष्टींची. मुंबईत संघवी, राव व खानोलकर या संशोधकांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा घसा-अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासून १९५५ सालीच प्रसिद्ध केला. तंबाखूच्या जोडीला दारू असली की धोका अधिकच वाढतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. आणि ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक कढत पेये अन्ननलिकेला बहुधा घातक ठरतात, असे तिनेच २०१६ मध्ये सांगितले. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु तंबाखू-चुन्याची चंची आणि घरोघरची मिश्री कायद्याने सुटत नाही.

आशा कार्यकर्ती घरी येऊन वय, व्यसन, कमरेचा घेर विचारते आणि गुण मांडते. चारांहून अधिक गुण झाले तर त्या व्यक्तीस तपासणीस आधी बोलावले जाते. हे भाकीत म्हणजे निकाल नव्हे. अधिक गुणांचा मनुष्य निरोगी निघू शकतो, कमी गुणांचा रोगी. शिवाय आपल्या सरकारी योजनेत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, अन्ननलिकेची नाही.

चीनमध्ये जेथे हा रोग फार आढळतो, त्या त्सी परगण्यातील १४ गावांत हा प्रयोग झाला. चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या लोकांपैकी काहींची आयोडिन लावून दुर्बिणीने एकवार तपासणी केली व विकृत भाग काढून टाकला. दहा वर्षांनी पाहता, तपासणी न झालेल्या गटात शंभरामागे सुमारे पाच जण या रोगाने दगावले होते, तपासलेल्या गटात साडेतीनांहून कमी. मात्र तो प्रदेशच धोक्याचा. आपल्याकडे तसाच्या तसा उपक्रम उचलून चालणार नाही.

मग आपण हात जोडून बसावे काय? नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते नुसती नोंद करीत नव्हते. गावोगाव लक्षणे समजावीत हिंडत होते. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले, असे १९९५ मध्ये दिसून आले. मोठे यंत्र नव्हते. माहिती होती, आणि ती सांगणारे माणूस होते.

म्हणून मोंढ्यातल्या हमालापासून पेढीवरच्या मालकापर्यंत प्रत्येकाने इतके ध्यानात ठेवावे : घास दोन आठवडे अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा आवाज बसला असेल, तर पित्ताच्या गोळीवर दिवस न काढता डॉक्टरांना दुर्बिणीच्या तपासणीविषयी विचारावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून दूर नाही. आणि तंबाखू आजच सोडावी. धोक्याचे गुण स्वतःच्या हाताने कमी करण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे.