संकरित मोटार आणि आमची टॅक्सी

साधी मोटार ब्रेक दाबला की आपली गती उष्णतेत घालवते. संकरित मोटारीत एंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ती या गतीचा बराचसा भाग बॅटरीत परत भरते. १९९७ साली जपानात टोयोटाची 'प्रियस' निघाली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांनीही असल्या गाड्या घेतल्या. तेथे चौकाचौकाला थांबावे लागते, म्हणून त्या परवडतात.

आमच्या महाद्वार रोडच्या गर्दीतही तसेच होईल. पण तेथली ने-आण रिक्षा करते! कोल्हापूरची टॅक्सी निघते ती जोतिबाला, पन्हाळ्याला, नाहीतर पुण्याला. जोतिबाच्या उतारावर बॅटरी भरेल. पुण्याच्या हमरस्त्यावर ब्रेक क्वचितच, तेव्हा बचतही थोडी. गाडीची जादा किंमत मात्र कर्जाच्या हप्त्यात दरमहा, भाडे मिळो न मिळो, चालकालाच भरावी लागेल.