अंगभर की आटोपशीर?

● २००८ : पहिल्याच आयपीएलमध्ये चीअरलीडर्सच्या तोकड्या कपड्यांवर तत्कालीन गृहराज्यमंत्री सिद्धाराम म्हेत्रे यांनी आक्षेप घेतला.
● २०११ : पुणे वॉरियर्सने पारंपरिक वेशातल्या भारतीय नर्तिका उतरवल्या.
● २०२१ : ऑलिंपिक समितीची चीअरलीडिंगला पूर्ण मान्यता. त्याच वर्षी टोकियोत जर्मन जिम्नॅस्ट घोट्यापर्यंतच्या पोशाखात खेळल्या.
● प्रशिक्षकांचे म्हणणे : उंच फेकलेल्या खेळाडूला झेलताना सैल ओढणी, झालर हातात अडकते, कपडा अंगाबरोबरच हवा.
● पालकांचे म्हणणे : घट्ट चालेल, उघडे नको. शाळेच्या गॅदरिंगची खरेदी करतानाही स्कर्टखाली लेगिंग हवीच.
● तोडगा : अंगाबरोबर बसणारी, ताणली जाणारी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टॉप अशी जोडी. खेळाडूला विचारून ठरवली, तर उत्तमच.