नाल काढल्यावर टाप कशी सावरते?

घोड्याची टाप म्हणजे एक मोठे नखच. आपल्या नखांप्रमाणे तीही केराटिन या द्रव्याची बनते. डांबरी रस्त्यावर ती वाढीपेक्षा लवकर झिजते, म्हणून तिला लोखंडी नाल ठोकतात. बैलाला पत्री मारतात तीही याचसाठी. खिळे टापेच्या बाहेरच्या कठीण कवचात बसतात. तेथे मज्जातंतू नसल्याने घोड्याला दुखत नाही.

पण घोड्याचे काम संपले तर? २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा हा प्रश्न अनेक घोड्यांचा झाला. परभणीसारख्या गावांतही रिक्षांनी टांगे मागे टाकले.

नाल काढण्याचा फायदा असा. पाय टेकताच टापेचा मागचा भाग किंचित फाकतो व आतली लवचीक गादी दबते. त्यामुळे पाय थांबण्यास थोडा अधिक वेळ लागतो आणि धक्क्याचे बल कमी होते. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच हे तत्त्व. ताठ नालामुळे या हालचालीला काहीशी अडचण होते.

नाल मात्र काही मिनिटांत निघतो. टापेला महिने लागतात. नालामुळे तळवा जमिनीपासून उचललेला होता. आता त्याखाली खडा आला, तर पुष्कळ भार इवल्याशा क्षेत्रफळावर पडून दाब फार वाढतो आणि घोडा लंगडतो. शिवाय खिळ्यांच्या भोकांपाशी कड तुटते. नवी टाप वरून, केसांच्या रेषेपासून, महिन्याला सुमारे ८ मिलिमीटर वाढते. पुढच्या बाजूला तिची लांबी ८ सेंटिमीटर धरली, तर ती पूर्ण नवी होण्यास किती महिने लागतील? दहा!

म्हणून नालबंदाकडून कड कानशीने गोल करून घ्यावी व दर चार ते सहा आठवड्यांनी टाप तासावी. परभणीची काळी माती पावसाळ्यात टाप भिजवून मऊ करते, तर उन्हाळ्यात तिची ढेकळे दगडासारखी टोचतात. तेव्हा घोड्याला कोरड्या, सपाट, वाळू पसरलेल्या अंगणात ठेवावे. टाप गरम लागली किंवा लंगडणे वाढले, तर पशुवैद्याला दाखवावे. तळवा फार पातळ असेल, तर नाल ठेवणेच हिताचे ठरू शकते.

तुम्ही एक प्रयोग करा. अंगठ्याच्या नखावर मुळाशी न पुसणाऱ्या शाईचा ठिपका द्या. पुसट झाला तर त्याच जागी पुन्हा द्या. महिन्याने तो किती सरकला ते मोजा. साधारण ३ मिलिमीटर भरेल. आता टापेच्या वाढीशी तुलना करा.