गोल्फच्या परिभाषेतील ‘काठ’ : होलची कड आणि बंकरचा कडा

प्रास्ताविक

खेळाची परिभाषा वरवर पाहता सोयीसाठी निर्माण झालेली असते. परंतु ती नियमपुस्तिकेत शिरली की तिच्यावर न्यायनिवाड्याचा भार येऊन पडतो. गोल्फमधील ‘लिप’ हा शब्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ‘लिप’ म्हणजे ओठ. इंग्रजीत पेल्याच्या, सुरईच्या किंवा खड्ड्याच्या कडेलाही हाच शब्द लावतात. गोल्फमध्ये तो दोन ठिकाणी येतो : चेंडू ज्यात घालावयाचा त्या होलच्या कडेसाठी आणि चेंडूला अडविण्यासाठी केलेल्या वाळूच्या खळग्याच्या, म्हणजे बंकरच्या, कडेसाठी. एकाच शब्दाने दर्शविल्या जाणाऱ्या या दोन कडांचे नियमांतील कार्य मात्र अगदी भिन्न आहे. होलची कड ही उंचीची पातळी ठरविते. बंकरची कड ही जमिनीची हद्द ठरविते. हा भेद स्पष्ट करणे आणि त्या अनुषंगाने मराठी प्रतिशब्दांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. २०१९ साली गोल्फच्या नियमांची व्यापक फेररचना झाली, तेव्हा या दोन्ही कडांच्या व्याख्या बदलल्या. शारीरिक शिक्षणाच्या जुन्या पाठ्यसाहित्यात मात्र पूर्वीच्याच व्याख्या आढळण्याचा संभव आहे. त्यामुळे हा विषय केवळ शब्दांपुरता मर्यादित राहत नाही.

होलची कड

होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो आणि त्याची खोली किमान ४ इंच असावी लागते. हे माप स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘रॉयल अँड एन्शंट’ या संस्थेने १८९१ साली प्रमाण ठरविले. होलच्या आत जे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे अस्तर बसवितात, ते जमीन अगदीच ठिसूळ नसेल तर ग्रीनच्या पृष्ठभागापासून किमान एक इंच खाली ठेवावे, असा दंडक आहे. म्हणजे वरची एक इंच उभी माती उघडीच राहते. चेंडू आदळतो, घासतो, गिरकी घेतो तो या मातीवर. ज्याला ‘लिप’ म्हणतात तो प्रत्यक्षात हा मातीचा इंचभर काठ होय.

२०१९ पूर्वीच्या व्याख्येनुसार चेंडू होलच्या परिघाच्या आत स्थिर झाला आणि तो संपूर्णपणे ‘लिप’च्या पातळीखाली असला, तरच तो ‘होल्ड’ समजला जात असे. नव्या व्याख्येतून ‘लिप’ हा शब्द वगळण्यात आला आणि त्याच्या जागी ‘पटिंग ग्रीनचा पृष्ठभाग’ असे शब्द आले. हा बदल किरकोळ वाटेल. पण त्यामागील तर्क विचारात घेण्याजोगा आहे. दिवसभर शेकडो पावले पडल्यामुळे होलची कड झिजते, कोठे खचते, कोठे उचलली जाते. अशी कड पातळी मोजण्याचे साधन म्हणून फारशी भरवशाची नाही. पृष्ठभाग ही त्यापेक्षा व्यापक आणि स्थिर कल्पना आहे. येथे हेही नमूद केले पाहिजे की, ग्रीनवरील बहुतेक खुणा व खड्डे दुरुस्त करण्याची मुभा खेळाडूला २०१९ पासून मिळाली असली, तरी होलची नैसर्गिक झीज त्या मुभेतून वगळलेली आहे. कड जशी असेल तशी स्वीकारावी लागते.

‘संपूर्ण चेंडू पातळीखाली’ या अटीला एक अपवाद आहे. होलमध्ये निशाणकाठी उभी असताना चेंडू तिला टेकून थांबला आणि त्याचा काही भाग जरी पृष्ठभागाखाली असला, तरी आता तो होलमध्ये गेला असे मानले जाते. याउलट चेंडू होलच्या बाजूच्या मातीत रुतला आणि त्याचा थोडासा भाग वर राहिला, तर तो होलमध्ये गेलेला नाही. मग तो काठीला टेकलेला का असेना.

‘लिप’ हा शब्द नियमपुस्तिकेतून पूर्णतः हद्दपार झालेला नाही. चेंडूचा काही भाग होलच्या कडेवर पुढे झुकलेला असेल, तर काय करावे हे सांगणाऱ्या नियमात तो आजही आहे. खेळाडूला होलपर्यंत चालत जाण्यास वाजवी वेळ मिळतो आणि तेथे पोहोचल्यावर आणखी दहा सेकंद थांबता येते. तेवढ्यात चेंडू आत पडला तर आधीच्याच फटक्याने तो होलमध्ये गेला असे धरतात. दहा सेकंदांनंतर पडला तरीही तो आधीच्या फटक्यानेच गेला असे मानतात, मात्र एक दंडाचा फटका वाढतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील आरबीसी हेरिटेज स्पर्धेत सी वू किम या कोरियन खेळाडूचा चेंडू तिसऱ्या होलच्या कडेवर असाच अडकला. तो सुमारे मिनिटभर वाट पाहत उभा राहिला. चेंडू अखेर पडलाही. पण बर्डीऐवजी त्याच्या नावावर पार लागला. याच्या उलट प्रसंग २००५ च्या मास्टर्स स्पर्धेचा. शेवटच्या फेरीत ऑगस्टा येथील सोळाव्या होलवर टायगर वुड्सने ग्रीनबाहेरून मारलेला चेंडू उतारावरून वळत आला, कडेवर क्षणभर थबकला आणि आत पडला. त्या दिवशी वुड्सला ख्रिस डिमार्कोविरुद्ध प्लेऑफ खेळून विजेतेपद मिळवावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका कडेचे मोल कळते.

कडेवरचे भौतिकशास्त्र

कडेला स्पर्श करूनही चेंडू बाहेर येतो, त्या घटनेला खेळाडू ‘लिप आउट’ म्हणतात. तो कडेवरून अर्धवर्तुळ घेऊन मारणाऱ्याच्याच दिशेने परतला, तर त्याला घोड्याच्या नालाची उपमा देतात. होलच्या कडेचे ‘दरवाजे’ही कल्पिलेले आहेत : समोरून आत गेला तर पुढच्या दाराने, फिरून पाठीमागून पडला तर मागच्या दाराने. हे सारे शब्द बोलीतील असून नियमपुस्तिकेत त्यांना स्थान नाही.

या घटनेची मीमांसा ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात केली. तिचा गाभा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतका सोपा आहे. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या सुमारे २१.३ मिलिमीटर. चेंडूचे केंद्र अलीकडची कड ओलांडते तेव्हा तो खाली पडू लागतो. पलीकडच्या कडेला भिडेपर्यंत तो किमान आपल्या त्रिज्येइतका खाली गेला पाहिजे. अन्यथा कड त्याला वर ढकलते. २१.३ मिलिमीटर पडण्यास सुमारे ०.०६६ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत त्याला होलच्या व्यासातून स्वतःची त्रिज्या वजा जाता उरलेले ८६.७ मिलिमीटर अंतर कापावयाचे असते. यावरून वेग निघतो सेकंदाला सुमारे १.३१ मीटर. मागच्या कडेवर आदळून थोडासा उडून पुन्हा आत पडण्याची शक्यता जमेस धरली, तर मध्यभागातून जाणाऱ्या चेंडूसाठी ही मर्यादा १.६३ मीटरपर्यंत जाते. चेंडू मध्यापासून जितका बाजूला, तितका त्याला मिळणारा पल्ला आखूड. पेनर यांच्या २००२ मधील विवेचनातील सूत्रानुसार होलच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावरून जाणाऱ्या चेंडूस सुमारे १.२२ मीटर प्रतिसेकंद एवढाच वेग परवडतो, आणि अगदी कडेवरून जाणाऱ्यास जवळजवळ शून्य. नियमांनी ठरविलेला १०८ मिलिमीटरचा होल वेगवान चेंडूसाठी प्रत्यक्षात कितीतरी लहान असतो, तो या कारणाने.

याची किंमत किती असू शकते? २०१२ च्या क्राफ्ट नॅबिस्को अजिंक्यपद स्पर्धेत आय. के. किम हिला विजेतेपदासाठी शेवटच्या होलवर जेमतेम एक फुटाचा पट घालावयाचा होता. चेंडू कडेवरून फिरून बाहेर आला. प्लेऑफमध्ये सन यंग यू विजयी झाली.

बंकरची कड

‘बंकर’ या शब्दाचे मूळ स्कॉट भाषेत असून त्याचा जुना अर्थ पेटी किंवा पेटीवजा बाक असा आहे. कोळशाची कोठी आणि लष्करी आसरा हे अर्थ त्याच कुळातले. मराठी वाचकाच्या कानाला लष्करी अर्थच जवळचा असल्यामुळे गोल्फमधील बंकर म्हणजे तटबंदी असावी असा समज होतो. वस्तुतः तो खळगा असतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वालुकामय माळांवर वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांमुळे असे खळगे पडले, अशी परंपरागत समजूत आहे. तेथील जुन्या मैदानांवर वाळू वाऱ्याने उडून जाऊ नये व कड ढासळू नये म्हणून गवतासह कापलेल्या मातीच्या लाद्या एकावर एक रचून उभी भिंत करतात. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरील सतराव्या होलजवळचा ‘रोड बंकर’ हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानच्या टॉमी नाकाजिमा याचा पट त्या बंकरमध्ये घरंगळला आणि त्या एका होलवर त्याचे नऊ फटके झाले.

अशा ठिकाणी चेंडूसमोरच्या उभ्या कडेलाही ‘लिप’ म्हणतात. खेळाडूच्या दृष्टीने तिची उंची हा प्रश्न असतो : चेंडू तिच्यावरून नेण्याइतका उंच उडविता येईल काय? नियमांच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे : ही कड बंकरचा भाग आहे काय?

२०१९ पूर्वीची व्याख्या गवतावर आधारलेली होती. गवताने आच्छादलेली कड, तसेच रचलेल्या लाद्यांची भिंत, बंकरच्या बाहेरची. पण गवत नसलेली उघड्या मातीची भिंत किंवा ‘लिप’ बंकरचाच भाग. माळ्याने गवत किती राखले आहे यावर जमिनीची जात ठरावी, ही व्यवस्था विलक्षणच म्हणावी लागेल. नव्या व्याख्येने बंकर म्हणजे वाळूची मुद्दाम तयार केलेली जागा असे सांगून, माती, गवत, लाद्या वा कृत्रिम पदार्थ यांची कडेची ‘लिप’, भिंत किंवा दर्शनी बाजू सरसकट बंकरच्या बाहेर काढली. कडेपलीकडे उडालेली वाळूही बंकर नव्हे. चेंडू कडेच्या आत पण मातीवर किंवा गवतावर असेल आणि वाळूला मुळीच स्पर्श करीत नसेल, तर तोही बंकरमध्ये नाही.

याचे परिणाम थेट गुणफलकावर उमटतात. चेंडू बंकरमध्ये असेल तर त्याच्या लगतच्या पुढच्या वा मागच्या वाळूला फटक्यापूर्वी क्लब टेकविता येत नाही. टेकविल्यास दोन फटक्यांचा दंड. चेंडू खेळण्याजोगा नाही असे खेळाडूने ठरविले, तर होलपासून चेंडूकडे येणाऱ्या सरळ रेषेत मागे जाऊन बंकरबाहेर चेंडू टाकण्यासाठी दोन फटके मोजावे लागतात. तोच चेंडू मातीच्या कडेत रुतला असेल तर तो सर्वसाधारण क्षेत्रात गणला जातो आणि रुतलेल्या चेंडूची विनादंड सवलत मिळू शकते. अर्थात, लाद्यांच्या भिंतीत रुतलेल्या चेंडूपुरती ही सवलत स्थानिक नियमाने काढून घेण्याची मुभा समितीला आहे. म्हणजे अवघ्या काही इंचांच्या फरकाने शून्य ते दोन फटक्यांचे अंतर पडते.

हद्द ओळखण्यातील चूक किती महाग पडते, हे डस्टिन जॉन्सनच्या उदाहरणावरून दिसते. २०१० ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिन राज्यातील व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर झाली. पीट डाय यांनी रचलेल्या या मैदानावर वाळूच्या शेकडो जागा आहेत. बंकर म्हणून बांधलेली प्रत्येक जागा, मग ती प्रेक्षकांच्या वावरण्याच्या पट्ट्यात असली तरी, बंकरच समजावी, अशी लेखी सूचना खेळाडूंना दिलेली होती. शेवटच्या होलवर जॉन्सन एका फटक्याने आघाडीवर होता. त्याचा चेंडू प्रेक्षकांच्या पायांनी तुडविलेल्या वाळूत पडला. तो बंकर आहे असे त्याला वाटलेच नाही. त्याने क्लब टेकविला. दोन फटक्यांचा दंड झाला आणि त्याचे प्लेऑफमधील स्थान गेले. मार्टिन कायमर याने बब्बा वॉटसनला हरवून ती स्पर्धा जिंकली. कड गर्दीने पुसली गेली होती, पण नियमाच्या लेखी ती जागच्या जागी होती. २०१९ च्या बदलानंतरही या प्रसंगी निर्णय हाच झाला असता. याउलट २०१२ साली कियावा आयलंड येथील याच स्पर्धेत आयोजकांनी मैदानावरील कोणतीही वाळू बंकर धरू नये असे ठरविले आणि हद्दीचा प्रश्नच मोडीत काढला.

मराठी प्रतिशब्दांविषयी

आता मराठीकडे वळू. ‘ओठ’ हा शब्दशः प्रतिशब्द येथे निरुपयोगी आहे; कारण मराठीत भांड्याला आणि विहिरीला तोंड असते, पण ओठ नसतात. त्यांना काठ असतो. घागर काठोकाठ भरते, विहिरीच्या काठावर माणूस उभा राहतो. काठाची ही कल्पना पातळीशी निगडित आहे आणि होलच्या बाबतीत नेमके तेच अभिप्रेत असते. म्हणून होलच्या ‘लिप’साठी ‘काठ’ हा शब्द स्वाभाविक ठरतो. ‘चेंडू काठावर लोंबकळला’, ‘काठ घासून बाहेर आला’ ही वाक्ये गोल्फ न पाहिलेल्या वाचकालाही कळतात.

बंकरच्या बाबतीत मात्र दोन शब्द हवेत. समोर उभी ठाकलेली, चेंडू अडविणारी जी ‘लिप’, तिच्यासाठी ‘कडा’. डोंगराच्या कड्याचा उभेपणा त्यात आपोआप येतो. नियमांतील वाळूची सीमारेषा, जिला इंग्रजीत पूर्वी ‘मार्जिन’ म्हणत व आता ‘एज’ म्हणतात, तिच्यासाठी ‘हद्द’. शेताच्या ‘बांधा’चा मोह येथे होण्यासारखा आहे, कारण बांध हद्दही दाखवितो आणि उंचवटाही असतो. परंतु बांधावर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा हक्क सांगितला जातो आणि त्यावरून तंटे होतात, हा आपला नित्याचा अनुभव. २०१९ च्या व्याख्येने तर कड्याला स्पष्टपणे एकाच बाजूला टाकले आहे. ‘किनार’ आणि ‘कोर’ हे शब्द वस्त्राला नि भाकरीला शोभतात, तेथेच ते राहू द्यावेत. ‘बंकर’, ‘ग्रीन’, ‘पट’ हे शब्द मराठी क्रीडावृत्तांतात रुळलेले असल्यामुळे ते बदलण्याचे प्रयोजन दिसत नाही. ‘होल’ला ‘खळगी’ म्हणता येईल. गोट्या खेळलेल्या पिढीला तो शब्द परका नाही. मात्र गोल्फमध्ये ‘होल’ म्हणजे टी-पासून ग्रीनपर्यंतचा संपूर्ण टप्पाही असतो. अठरा खळग्या म्हटल्याने तो अर्थ येत नाही. म्हणून त्या टप्प्यासाठी ‘होल’ आणि प्रत्यक्ष छिद्रासाठी ‘खळगी’ अशी विभागणी करणे सोयीचे होईल.