सेरेब्रल पाल्सी

सेरेब्रल पाल्सी ही हालचाल, तोल आणि अंगस्थिती यांवर परिणाम करणारी कायमस्वरूपी अवस्था आहे. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला झालेली इजा हे तिचे मूळ होय. मराठीत तिला मेंदूचा पक्षाघात असेही म्हणतात. हा एकच एक आजार नसून अनेक अवस्थांचा समूह आहे. दर १००० जिवंत जन्मांमागे साधारणतः दोन ते तीन बालकांमध्ये ती आढळते. ती संसर्गजन्य नाही. मेंदूतील मूळ इजा पुढे वाढत नाही; मात्र मुलाचे शरीर वाढत असल्यामुळे त्या इजेचे परिणाम वयानुसार बदलत जातात.

नावाविषयी

पक्षाघात म्हटले की उतारवयात अचानक होणारा लकवा डोळ्यांसमोर येतो व अंग लुळे पडल्याची कल्पना होते. सेरेब्रल पाल्सीत बहुधा याच्या उलट घडते, म्हणजे स्नायू गरजेपेक्षा अधिक ताठर होतात. पोलिओशीही तिची गल्लत केली जाते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट करतो व स्नायू सैल पडतात. येथे बिघाड त्याच्याही वर, आज्ञा जेथून निघते त्या मेंदूत असतो.

शरीरात काय घडते

गुडघ्याखाली हलकेच हातोडी मारली की पाय उडतो. स्नायू झटकन ताणला गेला की तो आपोआप आकुंचन पावतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि मेंदू तिला सतत लगाम घालत असतो. मेंदूतील मार्गांना इजा झाली की हा लगाम सुटतो व स्नायू जरुरीपेक्षा जोराने आखडतात. यालाच स्पास्टिक म्हणजे ताठर प्रकार म्हणतात. सुमारे ८० टक्के व्यक्तींमध्ये तो आढळतो. ताठर स्नायूची लांबी हाडांच्या वाढीबरोबर वाढत नाही. त्यामुळे मूल टाचा न टेकता चवड्यांवर चालू लागते किंवा पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात.

ताठरपणा शरीराच्या एकाच बाजूला, मुख्यतः दोन्ही पायांत किंवा चारही अवयवांत असू शकतो. वेळेआधी जन्मलेल्या बालकांमध्ये पाय अधिक बाधित होण्याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. मेंदूच्या आतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांलगतचा भाग या बालकांत विशेष नाजूक असतो आणि पायांकडे जाणारे चेतातंतू त्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात.

दुसऱ्या प्रकारात हातपाय, चेहरा व जीभ यांच्या इच्छेविरुद्ध हालचाली होतात. तिसऱ्या, तुलनेने विरळ प्रकारात तोल व अचूकता बिघडते. अनेकांमध्ये हे प्रकार मिसळलेले असतात.

कारणे

इंग्लिश शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या अवस्थेचा संबंध अवघड बाळंतपण व गुदमरणे यांच्याशी जोडला. तिला दीर्घकाळ ‘लिटलचा रोग’ म्हटले जाई. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड हे आधी चेतारोगतज्ज्ञ होते. १८९७ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी वेगळी शंका मांडली. बाळंतपण अवघड होणे हाच गर्भात आधी घडलेल्या बिघाडाचा परिणाम असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या पाहणीवरून असे दिसले की, जन्मवेळचे गुदमरणे हे थोड्याच बालकांतील कारण असते. आजही अनेक घरांत दोष आईच्या किंवा सुईणीच्या माथी मारला जातो, म्हणून हा इतिहास नोंदवणे आवश्यक आहे.

वेळेआधी जन्म, अतिशय कमी वजन, गर्भवतीला झालेला संसर्ग, नवजात अर्भकाच्या मेंदूतील रक्तस्राव आणि मेंदूज्वर ही अन्य कारणे होत. तीव्र कावीळ वेळीच न उतरवल्यास बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य मेंदूच्या आतील केंद्रांत साचते. त्यातून अनैच्छिक हालचालींचा प्रकार व बहिरेपणा उद्भवू शकतो. प्रकाशोपचाराने हे टाळता येते.

बुद्धी आणि वाणी

या अवस्थेविषयीचा सर्वांत हानिकारक गैरसमज बुद्धीसंबंधी आहे. सुमारे निम्म्या व्यक्तींमध्ये बौद्धिक अक्षमता असते, म्हणजेच उरलेल्या निम्म्यांमध्ये ती नसते. चारांपैकी सुमारे एका व्यक्तीला बोलता येत नाही. पण न बोलणे आणि न समजणे या भिन्न गोष्टी आहेत. अनैच्छिक हालचालींच्या प्रकारात ज्याचा चेहरा वेडावाकडा होतो, लाळ गळते व शब्द फुटत नाही, त्याचीच आकलनशक्ती शाबूत असण्याचा संभव पुष्कळ असतो. तोंडी उत्तर किंवा हाताने केलेली कृती मागणाऱ्या चाचण्या अशा मुलाला अन्यायाने मतिमंद ठरवतात. नजरेने चित्र दाखवून किंवा ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी ठरलेल्या खुणेने उत्तर घेतले, तर निष्कर्ष अगदी वेगळा येऊ शकतो.

डब्लिनचे लेखक ख्रिस्टी ब्राउन (१९३२–१९८१) यांचा केवळ डावा पाय त्यांच्या ताब्यात होता. त्याच पायाने ते लिहीत व चित्रे काढीत. ‘माय लेफ्ट फूट’ हे त्यांचे आत्मचरित्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

निदान व उपचार

मान उशिरा सावरणे, अंग फार ताठ किंवा फार सैल असणे आणि वर्षाच्या आतच एका हाताचा ठळक वापर ही सूचक लक्षणे होत. शेवटच्या लक्षणाचे घरात कौतुक होते, पण इतक्या लहान वयात मूल सहसा डावखुरे किंवा उजवे ठरलेले नसते. दुसरा हात दुर्बल असल्याची ती खूण असू शकते. मुलाची हालचालक्षमता १९९७ मध्ये कॅनडात तयार झालेल्या पाच स्तरांच्या वर्गीकरणाने सांगितली जाते. पहिल्या स्तरावरील मूल चालू व धावू शकते, तर पाचव्या स्तरावरील मुलाला मान सावरण्यासही आधार लागतो.

मेंदूतील इजा भरून काढणारा उपचार उपलब्ध नाही. व्यायामोपचार, व्यवसायोपचार, वाचोपचार, पायांच्या पट्ट्या, ताठरपणा कमी करणारी औषधे व इंजेक्शने आणि प्रसंगी शस्त्रक्रिया यांनी कार्यक्षमता सुधारते. खुब्याचा सांधा हळूहळू निखळत असल्याने त्याची नियमित क्ष-किरण तपासणी महत्त्वाची असते. वेदना ही अतिशय सामान्य तक्रार आहे, परंतु बोलू न शकणाऱ्याची वेदना बहुधा हट्ट म्हणून खपते.

शिक्षण

वर्गात पहिली अडचण बसण्याची येते. पाय टेकलेले आणि पाठीला आधार नसेल, तर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यात खर्च होते. काही मुलांची दृष्टी तीक्ष्ण असूनही दिसलेल्याची मांडणी मेंदूला उमगत नाही. अशा मुलाच्या वहीत एककाखाली दशक येतो. मूल हातचा विसरले असे शिक्षकाला वाटते, प्रत्यक्षात रकाना हुकलेला असतो. मोठ्या चौकटींची वही दिली की तेच गणित सुटते. फळ्यावरून उतरवून घेणे हा तर या मुलांसाठी अभ्यास नसून शिक्षाच होय.

एका बोटाने टंकलेखन करणाऱ्या मराठी मुलापुढे आणखी एक प्रश्न असतो. ‘स्त्री’ हे एकच अक्षर दिसते, पण संगणकाला त्यासाठी स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक द्यावे लागतात. पुढचा शब्द सुचवणारी सोय असल्यास हे श्रम बरेच कमी होतात.

भारतात

मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली व पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. ‘वन लिटल फिंगर’ हे त्यांचे आत्मकथन एका बोटाने टंकित केलेले आहे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांतही तिचा समावेश होतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास या अधिनियमानुसार जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ देण्याची तरतूद केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तोंडी मजकूर सांगताना ज्याचे उच्चार स्पष्ट होत नाहीत, अशा विद्यार्थ्याला मात्र त्याची बोली ओळखणारा लेखनिक मिळाला तरच या सवलतीचा उपयोग होतो.